इस्त्रीच्या जागी स्टीम प्रेस: डोंबिवलीतल्या एका शिवणघराचं प्रकरण

प्रदर्शनात घेतलेला कुर्ता दोनदा धुवायचा, तिसऱ्यांदा घालायला काढायचा, तर कॉलरवर फुगे. खणाच्या कुर्त्यांबद्दलची ही तक्रार वहिनींकडे सारखी यायला लागली होती. शिवण उसवली नव्हती, रंग गेला नव्हता, मापातही चूक नव्हती. फक्त उभी कॉलर आणि गळ्याखालची पट्टी इथे वाटाण्याएवढे फुगवटे यायचे. त्यावर गरम इस्त्री दाबली की ते बसायचे आणि पुढच्या धुण्यात पुन्हा वर यायचे. कपडा घेणाऱ्या बाईला वाटायचं, कापड हलकं वापरलं. कापड चांगलंच होतं.

वहिनी म्हणजे आमच्याच इमारतीत राहणाऱ्या, खणाचे कुर्ते, टेबल रनर, उशांचे अभ्रे आणि तोरणं शिवून दिवाळी-गुढीपाडव्याच्या प्रदर्शनांत विकणाऱ्या. सोबत दोन शिवणयंत्रं आणि काटछाट-इस्त्री सांभाळणाऱ्या एक मावशी. हॉलचा अर्धा भाग हाच कारखाना. मी शिवणाचे वर्ग घेते, त्यामुळे अशा तक्रारी घेऊन त्या माझ्याकडे येतात. यावेळी मात्र त्या उत्तर ठरवूनच आल्या होत्या. "इस्त्री बदलायची. तो बंद होणारा वाफेचा प्रेस असतो ना, तो घ्यायचा. मावशींचा खांदाही वाचेल आणि कुर्ते पटापट निघतील." त्यांचं निदान अर्धं बरोबर होतं. प्रेस आला आणि कामाला लागला, पण ज्या कामासाठी आणला होता त्या कामाला नाही.

आधी फुग्यांबद्दल. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जे चिकटवतात त्याला आपल्याकडे कोणी फ्युजिंग म्हणतं, कोणी पेस्टिंग, जुने शिंपी सरसकट बकरम म्हणतात. त्याच्या एका अंगाला वितळणाऱ्या गोंदाचे बारीक ठिपके असतात, बहुधा पॉलिअमाइड किंवा पॉलिएस्टरचे. साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसला हे ठिपके मऊ होऊन कापडाच्या धाग्यांत शिरतात आणि थंड होताना तिथे घट्ट होतात. त्यासाठी पुरेशी उष्णता, दाब आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकाच जागी आणि एकाच वेळी मिळाव्या लागतात. मावशी काय करत होत्या? आयुष्यभर केलं तेच. इस्त्री फिरवत होत्या. कपड्यावरची सुरकुती काढायला फिरवणं ठीक आहे, पण फिरत्या इस्त्रीखाली कोणत्याही एका जागेला दहा-पंधरा सेकंद मिळत नाहीत. शिवाय गोंद मऊ झालेला असताना वरून इस्त्री सरकली की फ्युजिंग खालच्या कापडावर किंचित सरकतं आणि तिथेच पुढचा फुगा तयार होतो.

आणखी एक गोष्ट मला त्यांच्या उसवलेल्या कॉलरी पाहताना दिसली. काही फुगे ओळीत होते, ठरावीक अंतरावर. घरची इस्त्री वाफेची होती आणि तिच्या तळाला वाफेची भोकं होती. इस्त्री जिथे दाबून धरली तिथेही भोकांच्या खालच्या टिकल्यांना धातू टेकलाच नाही. त्या टिकल्या न चिकटताच राहिल्या. पेस्टिंगला सपाट तळाची साधी इस्त्री बरी, असं जुने कारागीर म्हणतात, त्यात तथ्य आहे.

या घरापुढे पर्याय कोणते होते? बुटिकवाले वापरतात ती वर पाण्याची बाटली टांगलेली स्टीम इस्त्री आणि तिच्यासोबत हवा खेचणारं व्हॅक्यूम टेबल. शिवून झालेल्या कपड्याच्या फिनिशिंगसाठी याहून चांगली जोडी नाही: वाफ वरून येते, टेबल ती खालून ओढून घेतं, कापड तिथल्या तिथे कोरडं आणि थंड होतं, म्हणून घडी पक्की बसते. पण ते टेबल हॉलमध्ये ठेवलं तर माणसांनी बसायचं कुठे, हा प्रश्न होता, आणि त्याच्या मोटारचा आवाज सोसायटीत दुपारी दोन ते चार चालला नसता. दुसरा पर्याय, कापलेल्या कॉलरी उल्हासनगरला जॉबवर्कने फ्यूज करून आणायच्या. तिथे सरकत्या पट्ट्यावर चालणारी फ्युजिंगची मोठी यंत्रं आहेत आणि त्यांचा दाब घरच्या कुठल्याही साधनापेक्षा कितीतरी जास्त. पण वीस-पंचवीस नगांसाठी कोणी यंत्र तापवून देत नाही. उरला घरगुती प्रेस.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: खाली गादी असलेला पाट, वर तापणारा सपाट पत्रा, मागे बिजागरी आणि पुढे दांडा. कापड पाटावर पसरायचं, दांडा खाली ओढायचा, मोजायचं, उघडायचं. हे काही नवं प्रकरण नाही. विजेच्या इस्त्रीचं अमेरिकेतलं पेटंट हेन्री सीलीने १८८२ साली घेतलं, आणि मोठ्या वाफेच्या प्रेसची कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिरॅक्यूजच्या हॉफमन नावाच्या शिंप्याच्या हातून आली. ड्रायक्लीनिंगच्या कामात त्याला अजूनही हॉफमन प्रेसच म्हणतात. वहिनींनी घेतला तो त्याच घराण्यातला बारका: पाट साधारण ६२ सेंटिमीटर लांब आणि २५ रुंद, वजन दहा-बारा किलोच्या घरात, वीज दीड हजार वॉटच्या आसपास, किंमत वीस हजारांच्या आत.

खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं: ४५ किलोचा दाब. वहिनींना भुरळ पडली ती या आकड्याची. म्हणून तो आकडा जरा उलगडून बघू.

४५ किलो हे पूर्ण पाटावर वाटले जातात. ६२ गुणिले २५ म्हणजे १५५० चौरस सेंटिमीटर. एका चौरस सेंटिमीटरला आले २९ ग्रॅम. आता घरची इस्त्री घ्या. तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर, वजन एक किलो. नुसती ठेवली तर चौरस सेंटिमीटरला ५ ग्रॅम. पण तिच्यावर हाताने पाचेक किलोचा भार दिला की २९-३० ग्रॅम झालेच, आणि पाच किलोचा भार कोणीही देऊ शकतं. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी हातगाडी लावणारे परीटकाका घ्या. त्यांची कोळशाची इस्त्री सात किलोच्या आसपास भरते, तिचा तळ अडीचशे चौरस सेंटिमीटरचा धरला तर नुसत्या वजनानेच चौरस सेंटिमीटरला २८ ग्रॅम. म्हणजे खोक्यावरच्या ४५ किलोइतकाच दाब काका हात न लावता देतात, आणि टोकावर कलवली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. कडक इस्त्रीत प्रेस त्यांना का हरवू शकत नाही, याचं उत्तर या आकडेमोडीत आहे.

तर प्रेसमध्ये दाब जास्त नाही. तो न हलणारा आहे, आणि सगळीकडे एकाच वेळी आहे. हात थकला म्हणून सहाव्या कॉलरला कमी पडत नाही. फोन आला म्हणून मध्येच उचलला जात नाही. पत्रा सरकत नाही. वहिनींच्या घरात ज्या कामाला नेमकं एवढंच हवं होतं, त्या कामाचा त्यांनी प्रेस घेताना विचारच केला नव्हता. त्यांच्या डोक्यात तयार कुर्ते होते.

पहिले दोन आठवडे तयार कुर्त्यांवरच गेले, आणि मावशी वैतागल्या. कुर्ता म्हणजे सपाट वस्तू नव्हे. त्याला मुंढा असतो, टक असतात, बाहीच्या वर फुगीर भाग असतो, खाली घेर असतो. पाटावर पुढची बाजू नीट लावावी तर मागच्या बाजूची चुणी तिच्याखाली अडकते, आणि वरचा पत्रा ती चुणी अशी ठोकून बसवतो की काढायला पुन्हा पाणी शिंपडावं लागतं. इस्त्री फिरवताना बोट पुढे पुढे कापड सारखं करत जातं, ती सोय इथे नाही: दांडा ओढला की जे आहे ते तसंच छापलं गेलं. शिवणींचं तर विचारू नका. आतल्या बाजूला सोडलेला माया-कपडा चार पदरी जाड असतो. पत्र्याने त्याला दाबलं की उलट्या बाजूच्या शिवणीचा ठसा सुलट्या बाजूवर चकाकत्या रेघेसारखा उठतो. खणात हे जास्तच दिसतं, कारण त्याची बुट्टी धाग्यांच्या उठावाने येते आणि चेपलेला उठाव लगेच चमकतो. पूर्वी खण सूत-रेशमाचा असायचा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा अजूनही मागावर विणलेला मिळतो, पण प्रदर्शनी मालात कृत्रिम रेशमाचा आणि पॉलिएस्टरचा भरणा आहे आणि त्याला ही चमक फार लवकर येते.

"ताई, हे यंत्र चादरीसाठी आहे, कुर्त्यासाठी नाही," मावशींनी निकाल दिला आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली. वहिनींनी प्रेस विकायला काढायची भाषा सुरू केली. मला मावशींचं वाक्य फार नेमकं वाटलं. चादर म्हणजे काय? न शिवलेलं, सपाट, एकपदरी कापड. कुर्ता शिवायच्या आधी काय असतो? तोच.

मग आम्ही प्रेसची कामातली जागा बदलली. इस्त्रीची पाळी येते शिवण संपल्यावर. प्रेस आला काटछाटीनंतर लगेच, यंत्रावर एकही टाका पडायच्या आधी. कॉलरीचे तुकडे, पट्ट्या, बॅगेचे पदर, रनरची अस्तरं, सगळं फ्यूज होऊन, सपाट होऊन शिवणयंत्राकडे जायचं.

पेस्टिंगमध्ये पहिली अडचण गंमतशीर निघाली. कपडा जळू नये म्हणून या यंत्रात सोय असते: झाकण दहाएक सेकंद बंद राहिलं की पिपाणी वाजते, आणि उघडलं नाही तर तापणं थांबतं. आम्हाला हवे होते बारा ते पंधरा सेकंद. पिपाणी वाजली की मावशी घाबरून उघडायच्या आणि तुकडा बाजूला काढायच्या. अर्धवट चिकटलेला. शेवटी असं ठरलं, की पिपाणीआधी आठपर्यंत मोजून उघडायचं, तुकडा जागचा हलवायचा नाही, लगेच पुन्हा बंद करून आठ मोजायचे. दोन दाबांच्या मध्ये पत्रा क्षणभरच दूर जातो, गोंद मऊच राहतो. चिकटलेला तुकडा मग थंड होईपर्यंत सपाट टेबलावर पडून राहिला पाहिजे. घाईत उचलून दुमडला तर सगळं केलेलं वाया, कारण गोंद धरतो तो गार होताना. यासाठी वहिनींनी जुनी फरशी टेबलावर ठेवली. तुकडे तिच्यावर टाकायचे, दगड उष्णता ओढून घेतो.

दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही: वाफेच्या प्रेसमध्ये पेस्टिंग करताना आम्ही बहुतेक वेळा वाफ वापरतच नाही. कॉलरीचं साधं सुती फ्युजिंग कोरडंच बसतं. पाणी आलं तर उष्णतेचा मोठा वाटा ते उकळवण्यातच जातो (उकळत्या एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात) आणि गोंदाच्या रेषेपर्यंत हवा तेवढा ताव उशिरा पोचतो. काही फ्युजिंगना ओलसर कापड वर ठेवून दाबायला सांगितलेलं असतं. तिथे तसं करावं. प्रत्येक नवा रोल आला की वहिनी आता हातभर तुकड्यावर चाचणी घेतात: चिकटव, गार कर, कोपरा सोलून बघ, मग मशीनमध्ये धुऊन पुन्हा बघ. हे न करता कोणीही तापमान सांगू लागलं तर ऐकू नये, माझंसुद्धा. एकाच दुकानातून घेतलेल्या दोन रोलमध्ये फरक निघालेला आम्ही पाहिला आहे.

खणासाठी जे बसलं ते एवढं: सुलटी बाजू खाली, पाटावर मांजरपाटाची दुपदरी घडी, त्यावर खण, त्यावर फ्युजिंग, आणि सगळ्यात वर बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद. मांजरपाटाच्या मऊपणात बुट्टीचा उठाव बुडतो, चेपत नाही. कागद लागतो कारण फ्युजिंग चुकून उलटं पडलं किंवा कडेने बाहेर डोकावलं तर गोंद सरळ वरच्या पत्र्याला लागतो आणि मग पुढच्या दहा कपड्यांवर तपकिरी डाग उमटवत राहतो. मेणाचा कागद चालत नाही, मेण वितळून कापडात जातं. पातळ खणावर गोंद आरपार येऊन सुलट्या बाजूला ठिपके दिसायला लागले, तेव्हा ताव कमी करून वेळ वाढवला. याचा एक तक्ता आता कपाटाच्या दारावर आहे, मावशींच्या अक्षरात. त्यात अंश सेल्सिअस नाहीत, चकतीवरच्या खुणा आणि मोजायचे आकडे आहेत. कपड्यांच्या लेबलावर इस्त्रीच्या चित्रात टिंबं असतात, जुन्या संकेतानुसार एकाला कमाल ११०, दोनला १५०, तीनला २०० अंश. ती ताव जास्तीत जास्त किती हे सांगतात. गोंदाला किती लागतो ते सांगत नाहीत.

पेस्टिंगइतकाच फायदा झाला तो सुती कापड आधी आटवून घेण्यात, आणि हे काम तर पूर्वी होतच नव्हतं. अस्तर आणि सुती खण पाण्यातून काढून वाळवला की कडा वेड्यावाकड्या होतात, आणि मग तो नीट इस्त्री करून सरळ करण्यात इतका वेळ जायचा की वहिनी ती पायरीच गाळायच्या. कुर्ता धुतल्यावर खण आणि फ्युजिंग वेगवेगळं आटलं तर तेही फुग्यांचं कारण होतं. सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजनच्या बंधांनी धरून असतात. ओलावा ते बंध सोडवतो, आणि सपाट धरून वाळवलं की ते सपाट अवस्थेतच पुन्हा जुळतात. म्हणून दमट कापड दाबणं सोपं, पूर्ण वाळलेल्याशी झगडणं अवघड. आमच्या आजीच्या काळी पाणी शिंपडून कपडे गुंडाळून ठेवायचे, त्यामागे हेच होतं. आता थान पाण्यातून काढून, दोरीवर अर्धवट वाळलं की सरळ प्रेसवर घेतात. प्रेस खरा झपाट्याने चालतो तो इथे. खणाचा पन्हा पाटापेक्षा मोठा, साधारण ३० ते ३२ इंच, त्यामुळे एका टप्प्याला दोनदा दाबावं लागतं आणि मध्ये पत्र्याच्या कडेची रेघ उठण्याची भीती असते. दोन दाब एकमेकांवर तीनेक इंच चढवून घेतले की रेघ राहत नाही.

डोंबिवलीच्या पावसाळ्यात मात्र हे काम अडलं. जुलैमध्ये दोरीवर काहीच अर्धवट वाळत नाही, ओलंच राहतं. ओल्या कापडावर प्रेस बंद करून वाफ सोडत राहिलं की ती वाफ जाणार कुठे? व्हॅक्यूम टेबल ती खालून खेचतं. घरगुती प्रेसला ती सोय नसते, त्यामुळे गादी भिजते. भिजलेली गादी पुढच्या कापडाला ओल परत देते, आणि त्याहून वाईट म्हणजे रंग. तांबड्या खणाचा कच्चा रंग गादीच्या खोळीत उतरला आणि तिथून पांढऱ्या अस्तराच्या अख्ख्या थानावर गुलाबी ढग आले. ते अस्तर नंतर बॅगांच्या आतून गेलं. तेव्हापासून पाटावर नुसती खोळ कधीच नसते. मांजरपाटाचे तुकडे गडद रंगांना वेगळे, फिक्यांना वेगळे, आणि दर तासाभराने झाकण उघडं ठेवून गादी कोरडी होऊ द्यायची. पावसाळ्यात आता कापड पंख्याखाली वाळवून मगच घेतात. काम मंदावतं, त्याला इलाज नाही.

मावशींच्या खांद्याचं काय झालं, हे विचारणं रास्त आहे, कारण खरेदीचं अर्धं कारण तेच होतं. खांद्याला आराम मिळाला, पण दांडा ओढायचा असल्यामुळे पहिल्या आठवड्यात मनगट धरलं. जेवणाच्या टेबलावर प्रेस ठेवला होता, उंची जास्त होत होती, आणि दर ओढीला टेबल हलायचं. मग सुताराकडून जाड फळीचं बुटकं, रुंद पायांचं टेबल करून घेतलं. मावशी खुर्चीवर बसतात, दांडा छातीच्या खाली येतो, ओढायला हाताची ताकद लागत नाही, अंगाचा भार पुरतो. बसून करता येण्यासारखं हे पहिलंच इस्त्रीचं काम, असं त्या म्हणतात. साठीच्या बाईच्या गुडघ्यांना त्याचं मोल यंत्राच्या किमतीहून जास्त आहे, आणि माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही खरेदी योग्य ठरली असती. त्यांना मोबदला नगावर मिळायचा, तयार कुर्त्यामागे. आता त्यांचं निम्मं काम तयार कुर्त्याच्या आधी व्हायला लागल्यावर तो हिशेब मोडला आणि दिवसाच्या दरावर जावं लागलं. यावर दोघींमध्ये थोडी कुरबुर झाली. मावशींनी जो दर मागितला तोच शेवटी ठरला.

वीज आणि पाणी यांचं थोडक्यात. दीड हजार वॉट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. हॉलमधला छोटा ६ अँपिअरचा पॉइंट याला पुरत नाही, एक्स्टेन्शन बोर्डावर तर लावूच नये. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून घेतला. बिल फारसं वाढलं नाही, कारण तापल्यावर यंत्र सतत वीज खात नाही. निम्मा वेळ चालू धरला तरी तासाला पाऊण युनिट. पाणी मात्र बघून घालावं लागतं. नळाचं पाणी तसं मऊ, पण उन्हाळ्यात सोसायटीत बोअरवेलचे टँकर येतात आणि ते पाणी टाकीत मिसळतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम सांगितली आहे. तेवढे क्षार प्यायला चालतात, पण वाफेच्या बारीक नळ्यांत त्यांची पांढरी खपली धरते आणि एके दिवशी ती शुभ्र कापडावर येऊन पडते. डिस्टिल्ड किंवा शुद्ध केलेलं पाणी घालायचं. एसीतून ठिबकणारं पाणी फुकटचं डिस्टिल्ड म्हणून वापरणारे पुष्कळ आहेत. त्यात क्षार नसतात हे खरं, पण एसीच्या आतली धूळ आणि बुरशी त्यात असते, म्हणून आम्ही ते कुंड्यांना घालतो.

मध्यंतरी ओळखीच्या एक-दोघींनी साड्यांचं विचारलं. हल्ली निऱ्या आणि पदर आधीच बसवून, इस्त्री करून, खोक्यात घडी घालून देण्याचं काम मुंबई-ठाण्यात चांगलं चालतं, आणि घरात प्रेस आहे म्हटल्यावर वहिनींनी करून पाहिलं. जमलं नाही, आणि कारणं मला योग्य वाटतात. निरी कमरेपासून पायापर्यंत मीटरभर लांब. ६२ सेंटिमीटरच्या पाटावर ती दोन टप्प्यांत घ्यावी लागते आणि दुसऱ्या टप्प्याला पहिली अर्धी सुटते. निऱ्या धरायला चिमटे लागतात, आणि चिमट्यावर पत्रा बंद करता येत नाही. त्यात जर. हल्लीच्या बऱ्याच साड्यांत जर म्हणजे पॉलिएस्टरवर चढवलेला धातूचा लेप असतो. सपाट पत्रा पूर्ण काठावर एकदम बसला की कुठे ताव जास्त झाला हे कळायच्या आत काठ आकसतो. हातातली इस्त्री निदान टोकावर चाचपून पुढे नेता येते. साड्यांना नाही म्हटलं.

घरच्या कपड्यांसाठी तरी उपयोग होतो का? भाऊंच्या, म्हणजे वहिनींच्या यजमानांच्या, शर्टाची पाठ, पायजमे, चादरी, टेबलक्लॉथ, नॅपकिन यांना उत्तम. शर्टाची कॉलर, खांद्याचा जोड, कफ, बटणपट्टी यांना इस्त्रीच. बटणं गादीकडे तोंड करून ठेवली तर ती गादीत बुडतात आणि फुटत नाहीत, हे खरं आहे, पण बटणांच्या मधली जागा नीट होत नाही ती नाहीच. एका शर्टासाठी दोन साधनं तापवायची, तर त्यापेक्षा परीटकाकांकडे टाकणं स्वस्त. भाऊंचे ऑफिसचे शर्ट अजून त्यांच्याकडेच जातात, खळ घालून कडक होऊन येतात. कोणी घरच्या शर्टांसाठी म्हणून प्रेस घ्यायला निघालं असेल तर मी आधी विचारेन, तुमच्या घरात सपाट कपडे किती आहेत?

शिवलेल्या कुर्त्यांचं फिनिशिंग वहिनी आता पुन्हा इस्त्रीनेच करतात. वाफेची भोकं असलेली जुनी इस्त्री त्याला ठीक आहे. मुंढ्याखाली घट्ट गुंडाळलेला टॉवेल सरकवला की गोलाई बसते. फरक इतकाच, की आधीच सपाट केलेल्या तुकड्यांतून शिवलेल्या कुर्त्याला शेवटी फारसं काही करावं लागत नाही. वाचलेला वेळ प्रेसवर दिसत नाही, तो इस्त्रीच्या टेबलावर दिसतो, म्हणून वहिनींनाही तो बराच काळ कळला नव्हता. फुग्यांची तक्रार पुढच्या पाडव्यापर्यंत जवळजवळ थांबली. जे मोजके कुर्ते आले ते प्रेसच्या आधीच्या मालातले होते, त्यांच्या कॉलरी बदलून दिल्या. मखमलीच्या पट्टीवर मात्र हा प्रकार कामाचा नाही, लव चेपते ती पुन्हा उभी राहत नाही. त्या पट्ट्यांना न चिकटणारं, टाक्याने बसवायचं कॅनव्हास घालतात.

प्रेसची किंमत वसूल होण्याचा हिशेब वहिनींनी कुर्त्यांवर मांडला होता, तो तसा कधीच जुळला नाही. वसूल होतंय ते वेगळ्या वाटेने. आसपासच्या तीन-चार ब्लाउज शिवणाऱ्या बायका कापलेल्या पट्ट्या, गळ्याचे तुकडे, बाह्यांच्या कडा पिशवीत घालून आणून देतात आणि संध्याकाळी फ्यूज करून घेऊन जातात. वहिनींनी दर तुकड्यावर न ठेवता पाटावर ठेवला आहे: एकदा पाट भरला की एक दर, मग त्यात चार पट्ट्या बसवा की दहा. बायका आता तुकडे असे जुळवून आणतात की बोटभर जागा मोकळी राहत नाही. फ्युजिंग ज्याचं त्याने आणायचं, आणि नवा रोल असेल तर चाचणीचा तुकडा सोबत द्यायचा, नाहीतर मावशी पिशवी परत करतात.